वरचा अर्धा फळा

मगदूम बाईंचा फळा वाचल्याशिवाय कुरुंदघाटात कुणाला चहा गोड लागत नाही, असं म्हणतात. असं म्हणणारे बहुतेक वाचनालयासमोरचे चहावालेच असतात, ही गोष्ट वेगळी. पण सकाळी पावणेसातला सार्वजनिक वाचनालयाच्या भिंतीवरच्या त्या सहाफुटी काळ्या फळ्यापुढे दहा-पंधरा माणसं उभी असत, हे मात्र खरं. साल होतं २०४१. बातम्या चष्म्यात येत, कानात येत, डोळे उघडायच्या आत उशाशी येऊन बसलेल्या असत. तरी ही माणसं चपला घासत येत आणि खडूनं लिहिलेलं वाचत. बातमी त्यांना आधीच ठाऊक असे. तिच्यावर बाईंचं काय म्हणणं आहे, ते बघायला ती येत.

वैजयंता मगदूम यांचं वय चौसष्ट. कन्याशाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेली. लग्न केलं नाही, आणि का नाही केलं हे विचारायची गावात कुणाची छाती झाली नाही. एकोणीस वर्षं त्या हा फळा लिहीत होत्या. फळ्याची रीत ठरलेली होती. वरच्या अर्ध्यात पिवळ्या खडूनं लोक काय म्हणतात ते. खालच्या अर्ध्यात पांढऱ्या खडूनं बाई काय म्हणतात ते. पिवळं म्हणजे ऐकीव, पांढरं म्हणजे पक्कं. आधी लोकांचं ऐकून घ्यावं आणि मग आपलं सांगावं, असा त्यामागचा बाईंचा न्याय. खाली सही कुणाचीच नसे. ‘एक वाचक’ एवढंच. ते वळणदार, मोत्यासारखं अक्षर कुणाचं आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असताना नाव कशाला हवं, असं बाई म्हणत.

अफवा कुणाकुणामुळे पसरली ते शोधणाऱ्या मागोवा नावाच्या सरकारी यंत्राचा तेव्हा गवगवा होता. त्या दिवशी वर पिवळ्यात होतं : ‘नगरसेवकांच्या वाट्याला मागोव्यात फक्त तीन टक्के दोष आला. कार्यकर्त्यांनी पेढे वाटले.’ आणि खाली पांढऱ्यात : ‘अभिनंदन. तीन टक्के पापाचे पेढे कितपत गोड लागतात ते कळवावे. आणि “मी फक्त पुढे पाठवलं” म्हणणाऱ्या सर्वांना एक विनंती. पोस्टमन पाकीट फोडून वाचत नाही. तुम्ही वाचता आणि मग पाठवता. तेव्हा पोस्टमनच्या मागे लपू नका. जो नाव लपवतो तो निम्मा दोष कबूलच करतो.’

लोक हसले, मान डोलावून चहाला गेले. बाई दोन पावलं मागं आल्या आणि सवयीनं डावीकडच्या खांबाकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. अकरा वर्षं तिथं कुणी नव्हतं. तरी मान वळायची ती वळतच असे.

त्या खांबाला टेकून डॉक्टर तोरसकर उभे राहत. विश्राम तोरसकर मूळचे मालवणकडचे. बायको गेल्यावर मन रमेना म्हणून घाट चढून या कृष्णाकाठी आले आणि नदीवरच्या रस्त्याला दवाखाना थाटून बसले. रोज पावणेसातला येत, फळा वरपासून खालपर्यंत वाचत आणि म्हणत, “बाई, आज तिखट जरा जास्त पडलं.” किंवा, “आज बरं जमलंय. आज जेवण जाईल.” बस, एवढंच. दोन वर्षांत दोघांमध्ये याहून जास्त काही बोलणं झालं नाही. पण त्या एका वाक्यासाठी बाई आदल्या संध्याकाळपासून वाक्यं जुळवत. हे प्रेम होतं का? बाईंना कुणी विचारलं असतं तर त्यांनी विचारणाऱ्याला फळ्यावर घेतलं असतं. पण होतं. दुसरं काय असणार?

मग २०३० साली ती अफवा उठली. तोरसकरांच्या दवाखान्यात मुलांना मुदत संपलेली लस टोचतात, अशी. चार दिवसांत तालुकाभर झालं. दवाखान्यावर दगड पडले, काचा फुटल्या. पाचव्या दिवशी डॉक्टर दोन बॅगा घेऊन देवबागला, आपल्या गावी निघून गेले. आयांनी मुलांना लस द्यायची बंद केली, आणि पुढच्याच उन्हाळ्यात गोवर आला. कुंभारगल्लीतल्या मालनच्या चार वर्षांच्या मुलीचे कान त्यात कायमचे गेले. लस चांगली होती, हे तपासात नंतर निष्पन्न झालं. पण नंतर निष्पन्न झालेलं कुणी वाचत नाही.

डॉक्टर वर्षातून एकदा, पाडव्याला बाईंना फोन करत. “त्या गावात माझ्या बाजूनं एकच माणूस उभं राहिलं, ते तुम्ही,” असं दर वर्षी म्हणत. ते खोटं नव्हतं. अफवा कानावर आली त्याच्या दुसऱ्याच सकाळी बाईंनी फळ्यावर ती खोडून काढली होती. या वर्षीच्या पाडव्याला मात्र डॉक्टर आणखी काही बोलले.

“बाई, मी मागोव्याला अर्ज दिलाय. जुना फोनसुद्धा देऊन टाकला त्यांना. कोणी सुरू केलं, ते एकदा कळू दे. नाव कळलं की मी येतो तिकडे. नाहीतर त्या गावात उतरल्यावर प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून वाटणार, हा असेल काय? की हा? असं कसं फिरणार?”

“या,” बाई म्हणाल्या. त्यांना आणखी बरंच म्हणायचं होतं.

तेव्हापासून बाई दिवस मोजत होत्या. फळ्यावर मागोव्याची बाजू त्यांनी इतक्या हिरिरीनं मांडली, की वाचनालयाचे ग्रंथपाल धनपाल त्यांना चिडवू लागले होते. “बाई, सरकार तुमाला पगार देतंय का काय?”

*

मागोवा हे यंत्र म्हणजे जादू नव्हती. जुन्या घराची भिंत खरवडली तर चुन्याचे थर दिसतात. वरचा अलीकडचा, खालचा त्याच्या आधीचा. फोनवरून चित्र पुढे पाठवलं की ते दर वेळी थोडं दाबलं जातं, आणि दाबणाऱ्या प्रत्येक फोनची बारीकशी खूण त्यात राहते. डोळ्याला ती दिसत नाही. मागोवा एक-एक थर उतरवत मागं जातो आणि कुणाकडून कुणाकडे गेलं, ती अख्खी साखळी उलगडून ठेवतो. शेवटी उरते पहिल्या कॅमेऱ्याची खूण. प्रत्येक कॅमेऱ्याचे काही ठिपके जन्मतःच किंचित आंधळे किंवा किंचित जास्त तेज असतात, आणि ती नक्षी दुसऱ्या कुठल्याच कॅमेऱ्यात नसते.

हे झालं अर्धं काम. उरलेलं अर्धं अवघड होतं, आणि त्यावरच सगळे वाद होते. साखळीतला एक दुवा काढून टाकायचा, आणि ते गाव, ती माणसं, त्यांच्या सवयी, सगळं यंत्रात पुन्हा हजार वेळा चालवून बघायचं. दुवा काढल्यावर हजारांतल्या किती खेपांना नुकसान टळतं? जितकं जास्त टळतं, तितका त्या दुव्याचा वाटा मोठा. हेतू काय होता, हे यंत्र विचारत नाही. तू नसतास तर झालं असतं का, एवढंच ते विचारतं.

कायदा एवढाच होता, की ज्याचं नुकसान झालं त्यानं अर्ज करावा. मोठा वाटा निघालेल्या माणसाला टपालानं नोटीस जाई. त्यानं संमती दिली तर अर्जदाराला सगळा अहवाल मिळे. नकार दिला तर ‘उगम अज्ञात’ असा शेरा मारून अर्ज बंद. दहांतले नऊ नकारच देत, आणि त्या नऊ जणांवर बाईंनी आजवर कितीतरी खडू झिजवले होते.

पेढ्यांच्या फळ्यानंतर तिसऱ्या दिवशी बाईंना नोटीस आली. अर्जदार : डॉ. विश्राम तोरसकर. नोटीस ज्यांस : श्रीमती वैजयंता मगदूम.

बाईंना आधी वाटलं, साक्षीला बोलावलंय.

*

तालुक्याच्या मागोवा कक्षात निशिगंधा खोत नावाची तिशीतली अधिकारी होती. ती बाईंचीच विद्यार्थिनी निघाली. उठून उभी राहिली, पाणी दिलं, आणि पडदा बाईंकडे वळवण्याआधी उगाच दोनदा चष्मा पुसला.

पडद्यावर एक जुना फोटो होता. फळा. वर पिवळ्या खडूत, ठसठशीत : ‘तोरसकर दवाखान्यात मुलांना मुदत संपलेली लस दिली जाते.’ वाचनालयाचं नाव, तारीख, सगळं जागच्या जागी. फोटो तिथंच संपत होता.

“खालचा भाग कुठाय?” बाईंनी विचारलं. “खाली मी लिहिलं होतं, हे धादांत खोटं आहे म्हणून. लशीच्या बाटल्यांवरच्या तारखा स्वतः जाऊन बघितल्या होत्या मी.”

“खालचा भाग कुणीतरी कापला, बाई. बाहेरच्या माणसांना पिवळा खडू म्हणजे ऐकीव, हे माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं, की वाचनालयाच्या फळ्यावर, इतक्या सुंदर अक्षरात लिहिलंय. छापलेल्यावर लोक विश्वास ठेवत नव्हते तेव्हा. हातानं लिहिलेल्यावर ठेवला.”

“मग कापणाऱ्याला धर की.”

“धरलाय. त्याचा वाटा सहा टक्के आहे.”

“सहा?”

“तो नसता तर दुसऱ्या कुणीतरी कापला असता. हजारांतल्या नऊशे खेपांना कुणी ना कुणी कापतंच. खालचं लांबलचक होतं ना. लोकांना लांबलचक नको असतं.” निशिगंधा जरा थांबली. “बाई, त्या सकाळी ती अफवा फक्त नऊ माणसांना माहीत होती. दोन घरं आणि एक गिरणी. तुम्ही फळा लिहिला नसता, तर यंत्र म्हणतं, गुरुवारपर्यंत ती आपली आपण विझली असती. तुम्ही खोटं आहे म्हणून सांगितलंत, पण सांगायच्या आधी ती सगळ्या गावाला वाचायला दिलीत. तुमचा वाटा अडतीस आहे. सगळ्यांत मोठा.”

वर्गात मुलीच्या चित्राला नाव ठेवताना बाई कधी कचरल्या नव्हत्या. ‘उगाच बघू नकोस, पुसून नीट काढ,’ असं म्हणायच्या. इथं पुसायला काही नव्हतं. मालनची मुलगी आता चौदा वर्षांची होती, आणि रस्त्यात भेटली की बाईंना हातानं नमस्कार करायची.

“दुसरा मोठा वाटा कुणाचा?” त्यांनी विचारलं.

“फोटो काढून पहिल्यांदा गावाबाहेर पाठवणाऱ्याचा. चौतीस. तुमच्या लगतचा दुवा म्हणून तुम्हाला बघता येतो.” निशिगंधानं ओळ पुढे सरकवली, पण वाचून दाखवली नाही.

बाईंनी स्वतः वाचली. ‘दुवा दोन : अर्जदार स्वतः. बहिणीस पाठविले. सोबतचा मजकूर : बघ, इथे माझ्या बाजूनं बोलणारं कुणीतरी आहे.’

बहिणीनं कौतुकानं तो घरच्या ग्रूपवर टाकला होता. तिथून नात्यातल्या कुणीतरी पुढे, आणि चौथ्या-पाचव्या हाताला कात्री लागली होती. डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांचा फोन सीलबंद होता, त्यांचा अहवालही. बाईंची संमती आली तरच तो उघडणार होता.

“आणि ही खालची ओळ?”

“ती उगमाच्या खात्रीसाठी असते, बाई. फोटो त्याच कॅमेऱ्याचा आहे का, हे त्यातले इतर फोटो बघून ठरवतात.”

ओळ साधी होती, सरकारी होती. ‘सदर उपकरणात याच फलकाची एकूण ६११ छायाचित्रे आढळली. कालावधी : सुमारे दोन वर्षे. पैकी इतरत्र पाठविलेले : एक.’

बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. सुट्टीचे दिवस सोडले, डॉक्टर गावाला गेलेले दिवस सोडले, तर दोन वर्षांत साधारण तेवढेच फळे झाले असतील. म्हणजे रोज. त्या पाठ फिरवून हात धुवायला जात तेव्हा तो माणूस रोज फोटो काढत होता. आणि त्यांना वाटत होतं, आपण एकट्याच आहोत. अकरा वर्षं त्यांनी स्वतःची समजूत घातली होती की आपल्या मनाचेच खेळ, दुसऱ्या बाजूला काही नव्हतं. त्यांना रडू आलं. विद्यार्थिनीसमोर आलं म्हणून राग आला, आणि रागावूनही ते थांबलं नाही.

“तोरसकर सरांचा दुवा वगळून नुसतं माझं नाव देता येईल का ग?” शेवटी त्यांनी विचारलं.

“नाही, बाई. द्यायचा तर सगळा, नाहीतर काहीच नाही.”

*

“तर मग न्हाई म्हणून टाका की,” धनपाल म्हणाले. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दोघं बसले होते. पुढे फळा कोरा होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. लोक येऊन, बघून, बाई आजारी आहेत का विचारून गेले होते.

“नऊ जण न्हाईच म्हणत्यात. धाव्या तुमी कशाला?”

“त्या नऊ जणांना मी काय-काय म्हटलंय ते तुम्ही वाचलंय ना?”

“फळ्यावरचं फळ्यावर. उगं डोक्याला ताप करून घेऊ नका. आन मी म्हणतो, त्या डॉक्टरला तरी काय सांगायचं? बाबा, तुझं वाटोळं तूच केलंस? अकरा वर्षं त्यो एकाला शोधायलाय, आन त्येच्या हातात आरसा द्यायचा? ह्ये काय पुण्याचं काम हाय होय?”

धनपालांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, आणि म्हणूनच ते बाईंना टोचत होतं. त्यांनी सगळे डाव मनात मांडून बघितले. नकार द्यावा, तर उगम अज्ञात. डॉक्टरांना ते गाव कायमचं संशयाचं राहणार, आणि ते येणार नाहीत. नकार देऊन फळ्यावर सगळा दोष आपल्या एकटीच्या नावावर लिहावा, तर डॉक्टर वाचतील. त्यांच्या माथ्यावर काही येणार नाही, आणि आपण त्यांच्या मनातून उतरू. हा डाव त्यांना बराच वेळ आवडला. त्यात त्याग होता, आणि त्यागाची बाईंना पहिल्यापासून ओढ. पण मग ते खोटं पांढऱ्या खडूनं लिहावं लागणार होतं. शिवाय ज्या माणसानं सहाशे अकरा वेळा आपलं अक्षर जपून ठेवलं, त्याला आपण एक शहाणं, गोड असत्य भरवणार, आणि वर त्याला बरं वाटावं म्हणून केलं असं स्वतःला सांगणार. दुसऱ्याच्या भल्यासाठी बातमी कापणं, हेच तर त्या सहा टक्केवाल्यानं केलं होतं. त्यालाही वाटलंच असेल, लोकांना सावध करतोय म्हणून.

“धनपाल,” बाई म्हणाल्या, “फोन द्या इकडे. आणि जरा बाहेर जाऊन बसा.”

धनपाल उठले. दारात थांबून म्हणाले, “चहा सांगू का?” बाईंनी उत्तर दिलं नाही, म्हणून ते चहा सांगायला गेले.

देवबागला दुपारचे तीन वाजले होते. फोन उचलला तेव्हा मागं समुद्राचा आवाज होता.

“बाई? आज पाडवा नाही.”

“नाही. डॉक्टर, बसला आहात का?”

“झावळीखाली बसलोय. काय झालं?”

बाईंनी सांगितलं. वर्गात शिकवत तसं, पायरीपायरीनं. नऊ माणसं. पिवळा खडू. आपले अडतीस. मग त्या थांबल्या. पुढचं वाक्य तोंडातून निघेना. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही? पण तुम्ही तर खोडलं होतं ते.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता, आणि तोच बाईंना जास्त लागला.

“खोडण्यासाठी आधी मीच ते मोठ्या अक्षरात लिहिलं. आणि डॉक्टर, फळा गावातच राहतो. तो बाहेर गेला फोटोतून. तो फोटो तुम्ही ताईंना पाठवला होता.”

समुद्राचा आवाज बराच वेळ तेवढा येत राहिला.

“पाठवला होता,” डॉक्टर म्हणाले. “त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं होतं, बाई. मी तिला म्हटलं, बघ.” मग त्यांनी विचारलं, “माझे किती?”

“चौतीस.”

“मालनच्या मुलीचं पण त्यात धरलंय?”

“हो.”

“मीच टोचणार होतो तिला. त्याच आठवड्यात तारीख होती.”

बाईंनी डोळे मिटले. आता हा माणूस फोन ठेवील आणि पुन्हा कधी करणार नाही, असं त्यांना वाटलं. वाटलं, तर निदान सगळं सांगून टाकावं.

“अहवालात आणखी एक ओळ आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या फोनमध्ये या फळ्याचे सहाशे अकरा फोटो मिळाले.”

“सहाशे अकराच?” डॉक्टर म्हणाले. “मला वाटलं, जास्त असतील.”

धनपाल चहाचा पेला घेऊन दारात आले, बाईंचं तोंड बघितलं आणि पेल्यासकट मागं फिरले.

“संमती देऊन टाका, बाई,” शेवटी डॉक्टर म्हणाले. “नाव कळलं की येतो म्हणालो होतो. येतो. शनिवारी पहाटेची गाडी आहे.”

*

बाईंनी संमतीवर सही केली. शुक्रवारी फळा लिहिला. पिवळा खडू उचललाच नाही. पूर्ण फळाभर पांढऱ्यात लिहिलं : ‘२०३० साली डॉ. तोरसकरांविरुद्धची अफवा या फळ्यावरून गावात पसरली. ती खोटी आहे हे सांगण्याच्या उत्साहात लिहिणारीनं ती सगळ्यांच्या घरी पोचवली. मागोव्यात तिचा वाटा अडतीस टक्के आहे. तिनं आजवर इतरांना जे जे सुनावलं ते तिलाही लागू आहे.’ आणि खाली पहिल्यांदाच ‘एक वाचक’ नव्हतं. वैजयंता मगदूम, असं पूर्ण नाव होतं. डॉक्टरांबद्दल एक अक्षर नव्हतं. ते लिहायचं की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं.

लोकांनी वाचलं. कुणी म्हणालं, बाई, हे कशाला उकरायचं आता. कुणी म्हणालं, धाडस लागतं. मालन आली, भाजीची पिशवी खाली ठेवून सावकाश सगळं वाचलं. बाईंकडे एकदा बघितलं आणि पिशवी उचलून निघून गेली. कुंभारगल्लीच्या रस्त्यानं बाईंना आता रोज जायचं होतं.

शनिवारी बाई सकाळी दहापासून स्टँडवर होत्या. इस्त्रीची साडी नेसल्या होत्या आणि धनपालांनी त्यावर काही बोलू नये म्हणून त्यांना आधीच दम दिला होता. घाटावरच्या गाड्या आल्या. एक आली, दुसरी आली. बारा वाजता आलेल्या गाडीतून शेवटचा माणूस उतरला तो पेरूवाला. एक वाजता फोन वाजला.

“बाई, मी निपाणीला उतरलो.” डॉक्टरांचा आवाज थकलेला होता. “अर्धा तास झाला, परतीच्या गाडीच्या फलाटावर उभा आहे. पुढं पाऊल टाकवत नाही. इतके दिवस मला त्या गावाची भीती वाटत होती. आता गाव निर्दोष सुटलं, मीच उरलो. त्या पोरीसमोर काय तोंड घेऊन उभं राहू? पुन्हा कधीतरी निघेन. तुम्ही उन्हात थांबू नका.”

अकरा वर्षं बाई एका जागी उभ्या राहून वाट बघत आल्या होत्या. फळा जागचा हलत नाही, ज्याला वाचायचं त्यानं यावं, असा त्यांचा खाक्या. माणसांनाही त्यांनी तोच नियम लावला होता. वाट बघणं म्हणजे काहीच न करणं, हे त्यांच्या आत्ता, या स्टँडवर, पेरूवाल्याच्या पाटीशेजारी उभं असताना ध्यानात आलं. सहाशे अकरा वेळा तो माणूस चालत आला होता. त्या त्याला भेटायला एकदाही नदीवरच्या रस्त्यानं दवाखान्यापर्यंत गेल्या नव्हत्या. गेल्या होत्या त्या एकदाच, लशीच्या तारखा बघायला.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “परतीची गाडी लागलीय का?”

“लागलीय. सुटेल एवढ्यात.”

“ती सोडा.”

“बाई, माझ्यानं खरंच...”

“तुम्हाला पुढं या म्हणत नाही मी. निम्मं अंतर तुमचं झालं. उरलेलं माझ्याकडे लागलं.” समोर निपाणीची विजेची एसटी आवाज न करता येऊन उभी राहिली होती, आणि कंडक्टर पाटी बदलत होता. बाई तिच्याकडे चालू लागल्या होत्या. “दोन तासांत पोचते. मालनकडे जायचं तर दोघं मिळून जाऊ. आणि परत देवबागला जायचं म्हणालात, तर तिथंही दोघं जाऊ. पण आता एकट्यानं कुठं निघून जायचं नाही.”

पलीकडे परतीच्या गाडीची घंटी दोनदा वाजली. दार आपटल्याचा आवाज आला. गाडी निघून गेल्यावर मागं जी शांतता राहते ती राहिली, आणि बाईंना कळेना, डॉक्टर त्या गाडीच्या आत आहेत की बाहेर. त्या पायरीवर एक पाय ठेवून तशाच थांबल्या. मागचा माणूस म्हणाला, “चढा की हो आजी.”

“बाई,” फोनमधून आवाज आला, “इथं बाकड्यावर सावली आहे. मी बसलोय.”

बाई गाडीत चढल्या.